पऱ्हाटी जाळायची की भाजायची? बायोचारचे दोन उन्हाळे

बांधावरचा

राम राम मंडळी. मागे या फोरमवर कापसाच्या चर्चेत कोणीतरी विचारलं होतं की बायोचार केलंय का कोणी, तेव्हा मी "करून बघतो आणि सांगतो" असं लिहून जो गायब झालो तो आज उगवतोय. मधे दोन उन्हाळे गेले. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची शेती यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. नऊ एकर, त्यातलं सहा काळं, तीन बरड, म्हणजे हलकं, दगडाळ रान. कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीजवळ अर्धा एकर हळद नि घरचा भाजीपाला. मी नोकरीला अमरावतीत, शनिवार-रविवार गावी, बाकी सगळं बाबा बघतात. वेचणी संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, प्रश्न उभा राहतो. चिमट्याने उपटायची, बांधावर ढीग लावायचे, सरपणापुरती घरी आणायची (गॅस आल्यापासून तेही कमीच) आणि बाकीच्याला काडी लावून मोकळं व्हायचं. ठेवून द्यावी तर गुलाबी बोंडअळी त्यात दडून बसते आणि पुढच्या कापसावर तीच उतरते, म्हणून जाळणारा शेतकरी मूर्ख असतो असं मी म्हणणार नाही. पण एकदा रात्री एक मोठा ढीग जळताना बघत बसलो होतो, सकाळी जाऊन बघतो तर एवढ्या सगळ्या लाकडाची दोन घमेली राख, ती पण अर्धी वाऱ्याने नेलेली. तिथून डोक्यात किडा शिरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काडीकचरा हवा कमी मिळेल अशा बेताने भाजला की त्याची राख न होता कोळसा होतो. तो फोडून मातीत घातला की त्याला बायोचार म्हणायचं. आपला लोणारी कोळसाच तो, फक्त शेगडीऐवजी शेतात गेलेला. काडी जळून राख झाली की तिच्यातला कार्बन हवेत गेला, कोळसा झाला तर त्यातला बराचसा शेकडो वर्षं मातीत पडून राहतो, कुजत नाही. शिवाय त्याला नुसती भोकं भोकं, त्यात पाणी बसतं, खत धरून राहतं, जिवाणूंना घर मिळतं. पुस्तकात असं आहे.

भट्टी विकत घेतली नाही. कॉन-टिकी नावाची लोखंडी कढईसारखी भट्टी आहे, २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हान्स-पीटर श्मिट वगैरे मंडळींनी काढलेली, तिचंच गरिबाघरचं रूप म्हणजे जमिनीतला खड्डा. वर पाच फूट रुंद, अडीच फूट खोल, बाजू तिरक्या, म्हणजे मोठं नरसाळं पुरल्यासारखा. तळाला थोड्या वाळक्या काड्या रचायच्या आणि वरून पेटवायचं. हे वरून पेटवणं महत्त्वाचं, बाबांना पटवायला मला पाऊण तास लागला कारण त्यांनी आयुष्यभर चूल खालून पेटवलीय. वरून पेटवलं की खालच्या काडीतून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो, म्हणून धूर नावालाच होतो. काड्यांवर पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा. त्या थराने ज्वाळा वर उचलली जाते आणि खालच्याला हवा मिळत नाही, तो कोळसा होऊन बसतो. घाई केली आणि एकदम भारा टाकला की धूर, उशीर केला की राख. हे डोळ्यानेच शिकावं लागतं, पोळी उलटायची वेळ जशी कोणी घड्याळात बघत नाही तसं. तीनेक तासात खड्डा काठोकाठ भरतो. मग पाणी. भरपूर पाणी, आमच्या खड्ड्याला दीड ड्रम लागलं. एवढा फसफसाट होतो की पहिल्यांदा आमचा कुत्रा जो पळाला तो संध्याकाळी आला.

चांगला कोळसा ओळखायचा कसा? तुकड्यावर तुकडा आपटला तर काचेसारखा खणखण वाजतो, आणि हाताला लागलेलं काळं नुसत्या पाण्याने निघतं. हात तेलकट राहिला तर कच्चा राहिलाय, डांबर आहे त्यात, परत भाजा.

आता माझा गाढवपणा. पहिल्या खड्ड्यावर वरून पाणी मारलं, गार लागला, पोत्यात भरला, पोती कडब्याच्या गंजीशेजारी ठेवली आणि जेवायला घरी. रात्री दोनला शेजारच्या काकांचा फोन, "तुझ्या वावरात काही तरी लाल दिसते." एक पोतं आतून धुमसत होतं, प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं. गंजी वाचली ती केवळ वारा नव्हता म्हणून. कोळसा मधे कुठे कोरडा राहिला तर तासांनी पण पेटतो. खड्ड्यातच पाण्यात बुडवायचा, फावड्याने खालीवर करायचा, रात्रभर तिथेच ठेवायचा आणि पोत्यात दुसऱ्या दिवशी, हाताने चाचपून. बाबा अजून दर पाहुण्याला ही गोष्ट सांगतात.

वापरला कसा: पहिल्या वर्षी पाच-सहा पोती नुसता कोळसा भुगा करून बरडात टाकला आणि वर सोयाबीन पेरलं. तेवढा तुकडा महिनाभर पिवळाच दिसत होता. दुसऱ्या वर्षी शेणात-गोमुत्रात मुरवून हळदीच्या वाफ्यात आणि मिरचीच्या खड्ड्यात टाकला, तिथे झाडं छान आहेत पण तिथे शेणखत पण जास्त पडलं, मग श्रेय कोणाला द्यायचं?

शिवाय हिशोब बसत नाहीये. एकरी एक-सव्वा टन पऱ्हाटी निघते. पाव भाग कोळसा धरला तर अडीचशे-तीनशे किलो. आणि शास्त्रज्ञ लोक प्रयोगात हेक्टरी १० टन वगैरे टाकतात, म्हणजे एकरी ४ टन. म्हणजे एका एकराला १६ एकरांची पऱ्हाटी भाजायची. माझ्याकडे सगळी मिळून नऊ एकर!! काही चुकतंय का माझं?

वऱ्हाडी_ठेचा

काही चुकत नाही भाऊ, हिशोब बराबर हाये. मी तर म्हणतो काऊन येवढा कुटाणा करता. पऱ्हाटी उपटायची मजुरी, वाहून आणायची मजुरी, तीन तास आगीसमोर मार्चच्या उन्हात उभं राहाची मजुरी, आन शेवटी हाती काय तर तीन पोते कोळसा. मी मागच्या साली ट्रॅक्टरचा श्रेडर लावला, उभ्या पऱ्हाटीचा भुगा वावरातच, वरून रोटाव्हेटर. एका दिवसात काम खतम. बोंडअळीचा पण बंदोबस्त.

(पोत्याची गोष्ट लय भारी. आमच्या इथे एकानं असाच कोळसा मोटरसायकलवर बांधून आणला होता, पुढचं सांगत नाही.)

गच्चीवाली

मस्त लिहिलंय, पोळीचं उदाहरण तर खासच. फोटो टाका ना खड्ड्याचे.

माझा शहरी प्रश्न, हसू नका. गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. बार्बेक्यूचा कोळसा उरलाय अर्धं पाकीट, तो फोडून घातला तर चालेल का? नारळाच्या करवंट्या पण खूप साठतात.

बांधावरचा

@गच्चीवाली ताई, पाकिटातले ते एकसारखे गुळगुळीत ठोकळे असतील तर नको, त्यात चिकटवायला आणि पेटायला काय काय घातलेलं असतं. साधा लाकडाचा लोणारी कोळसा चालेल. करवंटीचा तर उत्तम होतो म्हणतात. पण नुसता नका घालू, आधी गांडूळखताच्या किंवा कंपोस्टच्या डब्यात महिनाभर राहू द्या. मातीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको.

@ठेचा भाऊ, श्रेडर आमच्याकडे भाड्याने मिळायला नंबर लागतो आणि बरडात दगड आहेत, पाती जातात. पण मुद्दा मान्य.

मृद्गंध

मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं मास्तरकीने लिहिणार, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तुमचं सोयाबीन पिवळं का पडलं. कोरा कोळसा मातीत गेला की तो आधी स्वतःचं पोट भरतो. मातीत जो काही मोकळा नत्र आहे तो भोकांत ओढून घेतो, शिवाय नीट न भाजलेल्या भागावर जिवाणू तुटून पडतात आणि तेही नत्र खातात. सोयाबीनच्या मुळावर गाठी यायला तीनेक आठवडे लागतात, तोवर ते मातीतल्याच नत्रावर असतं. म्हणून कोळसा उपाशी शेतात पाठवायचा नाही, जेवून पाठवायचा. शेण, गोमूत्र, कंपोस्ट, काही नसेल तर युरियाचं पाणी.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बायोचार हा सगळ्या रोगांवरचा काढा नाही. ज्या अॅमेझॉनच्या काळ्या मातीचं, टेरा प्रेटाचं, कौतुक सगळीकडे असतं ती मूळची माती आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेली, तिच्यात अन्नद्रव्य धरून ठेवायला काही नव्हतंच. तिथल्या आदिवासी लोकांनी शेकडो वर्षं कोळसा, हाडं, मासळीचा कचरा, राख, खापरं सगळं त्यात टाकलं. नुसता कोळसा नव्हे, हे लक्षात घ्या. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं आणि थंड, सुपीक प्रदेशात जवळपास काहीच नाही. उष्ण म्हणजे आपण, असा उत्साही अर्थ लगेच लावू नका. फायद्याचं एक मोठं कारण असं की बायोचार चुन्यासारखं काम करतो, आम्लता मारतो. आपली काळी माती मुळात चुनखडीयुक्त, सामू (pH) ८ च्या आसपास किंवा वर. आणि बायोचारचा स्वतःचा सामू ८ ते १० असतो. आधीच खारट आमटीत मीठ टाकायचं काय कारण? त्यात काळ्या मातीची अन्नद्रव्य धरायची ताकद चिकणमातीमुळे आधीच भरपूर आहे.

तुमच्या सहा एकर काळ्याला फारसा फरक पडणार नाही हे मी आजच लिहून देतो. तीन एकर बरडात पडू शकतो, तिथे पाणी थांबत नाही हाच रोग आहे. आणि अकोला-अमरावतीकडच्या खारपाण पट्ट्यातलं कोणी वाचत असेल, किंवा जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) असेल, तर आधी जिप्सम आणि निचरा, कोळशाच्या नादी लागू नका.

तिसरं, तणनाशक मारत असाल तर बायोचार टाकलेल्या जागी त्याचा जोर कमी पडतो, कोळसा ते औषधही धरून ठेवतो. आणि माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब एकदम वाढला का हे बघायला जाऊ नका, आपल्याकडची नेहमीची पद्धत कोळशातला कर्ब नीट मोजतच नाही, थोडा पकडते, थोडा सोडते.

वऱ्हाडी_ठेचा

सर, खारट आमटी 👏 हे गावात सांगतो उद्या.

कवळतोड्या

वाचता वाचता हसू येत होतं, कारण तुम्ही ज्याला नवीन म्हणताय त्याचा चुलतभाऊ आमच्या कोकणात दर उन्हाळ्यात होतो. राब! भाजावळ! थंडी सरता सरता ऐन-किंजळीची कवळं, म्हणजे पानांच्या डहाळ्या, तोडायची, वाळवायची, एप्रिलमध्ये तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर आधी शेण, वर कवळ, वर पातेरा-गवत आणि सगळ्यात वर बारीक माती पसरायची, मग दुपार टळली की वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवायचं म्हणजे आग धावत नाही, सरपटत जाते. रात्रभर धुमसत राहतं. माझ्या लहानपणाचा वास म्हणजे तो. पहिला पाऊस पडला की त्यावर भात पेरायचं, रोपं अशी हिरवीगार आणि तण जवळजवळ नाही कारण बी भाजून गेलेलं, आणि माती भुसभुशीत म्हणून तरवा काढताना मुळं तुटत नाहीत.

आता यात राख जास्त, कोळसा थोडाच, हे मान्य. आणि झाडं बोडकी होतात म्हणून कृषीवाले गेली कित्येक वर्षं राब सोडा, गादीवाफा करा म्हणून सांगतायत, तेही बरोबरच आहे. पण आमची जांभ्याची माती आंबट, पाऊस तीन हजार मिलिमीटर, टाकलेलं खत आषाढात ओढ्याला. मास्तर म्हणतात ते अॅमेझॉनचं वर्णन मला तर आमच्या वरकसाचंच (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचंच) वाटलं. म्हणजे बायोचार यवतमाळपेक्षा सावंतवाडीला जास्त शोभेल ना?

मृद्गंध

अगदी. कोकणात सामू साडेपाच-सहा, तिथे मी नक्की करून बघेन. आणि राबावरून आठवलं, चारसूत्री भातशेती! डॉ. नारायण सावंतांची. त्यातलं पहिलंच सूत्र म्हणजे भाताच्या अवशेषांचा फेरवापर, रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. पूर्ण जळालेली पांढरी नव्हे, काळी. त्यांचा रोख मुख्यतः सिलिकावर होता, रोप कणखर होतं, खोडकिडा कमी लागतो. पण ती काळी राख म्हणजे निम्मा बायोचारच की. आपण ते करत होतो, फक्त इंग्रजी नाव नव्हतं.

निगाताकर

सकाळची लोकल पकडायची सोडून हे वाचत बसलोय. जपानमध्ये याला कुंतान म्हणतात, तुसाचा कोळसा. माझ्या घरामागे एक आजोबा दर वर्षी भातकापणीनंतर करतात, मी दोन वर्षं शेजारी उभं राहून बघितलंय.

तूस खड्ड्यात भाजता येत नाही, एवढं बारीक की हवाच खेळत नाही, नुसतं धुमसतं. म्हणून त्यांच्याकडे पत्र्याचं एक भोकाभोकांचं शंकूच्या आकाराचं टोपलं असतं आणि त्याच्या डोक्यावर धुराडं. आधी जमिनीवर थोडा जाळ करायचा, निखारे झाले की त्यावर हे टोपलं उपडं घालायचं आणि चहूबाजूंनी तूस ओतून ढीग करायचा, धुराडं तेवढं वर. आग आत, तूस बाहेर. काही तासांनी ढिगाच्या अंगावर वरच्या बाजूला काळे डाग फुटायला लागतात, मग आजोबा फावड्याने बाहेरचं आत, आतलं बाहेर करत बसतात, सगळा ढीग काळा झाला की पसरून झारीने पाणी. एक मिनिट उशीर झाला की पांढरं पडायला लागतं, तेव्हा आजोबांची जी धावपळ होते ती बघण्यासारखी असते. ८० च्या पुढचे आहेत.

आणि वापरतात कुठे? भाताच्या रोपवाटिकेत! ट्रेमध्ये मातीत मिसळून, हलकं होतं म्हणून. राब, चारसूत्री आणि कुंतान, तिन्ही तरव्यावरच येऊन थांबले, हे मला फार आवडलं.

कवळतोड्या

@निगाताकर, त्या टोपल्याचा फोटो पाठवाच. आमच्या गिरणीत तूस फुकट मिळतो, गावातला वेल्डर करून देईल.

द्राक्षवाला

नाशिकहून. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची गोड छाटणी, दोन्हीच्या काड्या बांधावर पडून. बरेच जण जाळतात. मी मागच्या वर्षी ड्रम वापरून बघितला, २०० लिटरचा तेलाचा ड्रम, हैदराबादच्या क्रिडाने (CRIDA, कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था) तसलीच ड्रमची भट्टी काढलीय, पऱ्हाटी, तुराट्या वगैरेसाठी. चांगला होतो पण एका वेळी थोडाच, नाचवत बसावं लागतं दिवसभर.

मूळ सांगायचं ते वेगळंच. आमच्या गावात एक माणूस आला, कंपनीचं नाव नाही लिहीत, सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून म्हणाला बायोचार करा, कार्बन क्रेडिट (हवेत जाणारा कार्बन अडवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र) मिळेल, डॉलरमध्ये पैसे. चाळीस जणांच्या आधारच्या झेरॉक्स नि सातबारे घेऊन गेला. दीड वर्ष झालं, फोन लागत नाही. हे कार्बन क्रेडिट प्रकरण खरं असतं की सगळी हवाच?

पुणेरी_पाचट

खरं असतं, पण शेतकऱ्याच्या खिशापर्यंत किती येतं हा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह नावाच्या गुरुग्रामच्या कंपनीशी बायोचारच्या १ लाख टनांच्या क्रेडिटचा करार केला, २०३० पर्यंतचा, म्हणजे बाजार आहे. ढोबळ हिशोब करा. चांगल्या एक टन बायोचारमागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. बांधावरचे म्हणतात एकरी अडीचशे किलो, म्हणजे एकरी अर्धा-पाऊण टन. त्यातून मोजणी, फोटो, लॅब, ऑडिट, कंपनीचा हिस्सा. दहा एकरवाल्याला एकट्याने जमणारा धंदा नाही हा, कारखान्याच्या किंवा गटाच्या पातळीवरच. आणि सातबारा देण्याआधी करार मराठीत लेखी मागा, क्रेडिट कोणाच्या नावावर चढणार ते त्यात असलं पाहिजे.

बाकी कोळशाचं म्हणाल तर आमच्या पुण्याच्या आरतीने, म्हणजे डॉ. आनंद कर्व्यांच्या संस्थेने, उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला होता, त्याला २००२ चं अॅशडेन पारितोषिकही मिळालं. तो चुलीसाठी होता, कांड्या करून. मला विचाराल तर पाचट भाजू नका, हेक्टरी ८-१० टन निघतं ते सरीतच कुजवा. कुजणाऱ्या गोष्टीचा कोळसा करायचाच कशाला? गांडुळाने खाल्लेलं पाचट मातीला दोन वर्षांत जे देतं ते कोळसा देत नाही. पऱ्हाटी, तुराट्या, काड्या, करवंट्या, जे लवकर कुजत नाही ते भाजा.

वऱ्हाडी_ठेचा

हे पटलं. सोयाबीनचं कुटार पण भाजू नका रे बाप्पा, ढोरं काय खातील.

रानवाट

एक कडू मुद्दा. बायोचारला भाव आला की लोक काडीकचरा सोडून झाडं तोडायला लागतील ही भीती मला आहे. कोळसाभट्ट्यांचा आपला इतिहास काही गोड नाहीये. रायगडातली कातकरी कुटुंबंच्या कुटुंबं ठेकेदाराकडून पावसाळ्यात उचल घेऊन दिवाळीनंतर परजिल्ह्यात भट्टीवर जातात, उचल फिटता फिटत नाही, पोरांची शाळा सुटते. मी त्यांच्यात काम केलंय थोडं. त्यामुळे "कोळसा म्हणजे पर्यावरण" अशी जाहिरात बघितली की अंगावर काटा येतो. आपल्या बांधावर, आपल्या काडीचा, आपल्या हाताने, इथपर्यंत मला चालेल.

गच्चीवाली

रानवाट, हे माहीत नव्हतं मला. लिहा यावर स्वतंत्र धागा.

खापरखुट्या

अवांतर आहे पण राहवत नाही. टेरा प्रेटावरून. आपल्याकडे गावाची काळी आणि पांढरी म्हणतात ना, काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतकरी गाड्या भरून नेऊन वावरात टाकायचे, खत म्हणून. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, हाडं, खापरं, सगळं त्यात. अॅमेझॉनवाल्यांनी वस्तीच्या उकिरड्यातून काळी केली, आपण पांढरी केली, काम तेच! (पुरातत्त्ववाले मात्र यावर डोकं धरून बसतात, कारण ताम्रपाषाणयुगाची कितीतरी पांढरीची टेकाडं अशी वावरात पसरली गेली. तेव्हा आता नका उचलू.)

बांधावरचा

बापरे, दोन दिवस गावी रेंज नव्हती तर इथे जत्रा भरलीय. सगळ्यांचे आभार. क्रमाने उत्तर देत नाही, जमेल तसं लिहितो.

मास्तरांनी काळ्याचा निकाल लावला त्यावर बाबा खूश, ते पहिल्यापासून म्हणत होते "काळीले काय करायचं कोळशाचं, ती आधीच काळी हाये." बरडाचं मात्र मी सोडणार नाही. पण अख्ख्या बरडात पसरायला कोळसा पुरणार नाही हे आता डोक्यात बसलं, म्हणून पसरायचाच नाही. यंदा तिथे सीताफळाची शंभर झाडं लावतोय, खड्ड्याला दोन-अडीच किलो, शेणखतात मुरवलेला, म्हणजे अडीचशे किलोत काम झालं. एका एकराची पऱ्हाटी, शंभर खड्डे. हा हिशोब बसतो. आणि दहा खड्डे मुद्दाम तेवढंच शेणखत पण कोळसा नाही असे ठेवणार, खुंट्याला लाल चिंधी बांधून, म्हणजे पुढच्या वेळी श्रेयाचं भांडण नको.

एक गोष्ट पहिल्या पोस्टीत लिहायची राहिली, आणि खरं तर मला तीच सगळ्यात उपयोगी वाटली. मुरवायचा कसा यावर मी बराच डोकं खाजवलं. एकदा गरम खड्ड्यावरच पाण्याऐवजी गोमूत्र ओतलं, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी, सगळा अमोनिया वर उडून गेला, म्हणजे जे धरायचं तेच घालवलं. मग आईने सुचवलं की गोठ्यात टाक. आमच्याकडे दोन गाई आणि बैलजोडी. रोज संध्याकाळी जनावरांच्या मागच्या बाजूला, जिथे मूत साचतं, तिथे दोन टोपली कोळशाचा भुगा पसरायचा. ओलसर करून, नाहीतर धूळ उडते आणि जनावर ठसकतं. सकाळी शेणाबरोबर खरडून उकिरड्यावर. आधी गोठ्याच्या नालीतून अर्धं मूत वाया जायचं, आता कोळसा पितो. वास इतका कमी झाला की शेजारच्या काकू विचारायला आल्या की जनावरं विकली का. माश्या पण कमी आहेत असं आई म्हणते, मी मोजल्या नाहीत. चार महिन्यांनी उकिरडा उपसला तेव्हा शेणखत काळंभोर, भुसभुशीत, हुमणी (मुळं खाणारी अळी) नेहमीपेक्षा कमी वाटली (एकाच वर्षाचं निरीक्षण आहे, लगेच कोणी फॉरवर्ड करू नका).

म्हणजे मला विचाराल तर कोळसा थेट शेतात टाकायची चीजच नाही. आधी गोठा, मग उकिरडा, मग शेत. वेगळी मजुरी नाही, शेणखताबरोबरच जातो. गोठा नसेल तर पऱ्हाटी भाजायचा खटाटोप करावा का, मला तरी शंका आहे. ठेचा भाऊ, तुमच्याकडे जनावरं नाहीत ना आता? मग तुमचा श्रेडरच बरा.

वऱ्हाडी_ठेचा

बैल इकून तीन साल झाले. पण मायचं सुचवणं एक नंबर. माय म्हणते ते ऐकत जा, यूट्यूबपेक्षा.

मृद्गंध

उत्तम. लाल चिंधीचे दहा खड्डे एकाच कोपऱ्यात घेऊ नका, चिठ्ठ्या टाकून इकडेतिकडे विखरा. नाहीतर त्या कोपऱ्यातली माती खोल निघायची आणि सगळा प्रयोग पाण्यात.

द्राक्षवाला

गोठ्याची आयडिया घेतली. आमच्या शेजारी कोंबडीचं शेड आहे, तिथल्या लिटरमध्ये, म्हणजे कोंबड्यांखाली पसरलेल्या भुशात, टाकला तर? वासावरून रोज भांडणं होतात.

बांधावरचा

@द्राक्षवाला दादा, कोंबडीचं करून बघितलेलं नाही, पण तिथे अमोनियाच तर असतो, थोड्या जागेत करून बघा. भुगा बारीक नको, धूळ कोंबड्यांना त्रास देईल, आणि पूर्ण विझलाय ना ते दोनदा बघा, लिटर कोरडं असतं.

@मृद्गंध सर, चिठ्ठ्या टाकतो. बाबा म्हणाले परीक्षा चालू झाली का वावराची.

फोटो इथून चढत नाहीयेत, रविवारी अमरावतीहून टाकतो. आज चौथा खड्डा पेटवतोय, वारा पडायची वाट बघत बसलोय. दोन ड्रम पाणी आधीच भरून ठेवलंय आणि काकांना सांगून ठेवलंय, लाल दिसलं तर फोन करा.